खटक्याचा मान

अध्यक्षमहाराज, एका पोटुशीचा जीव तुम्ही तुमच्या नावाच्या पाटीवरून ओवाळून टाकायला निघाला होतात!

हो, तुम्हालाच म्हणतोय. नाव घेणार नाही. नाव घेतलं की तुम्हाला ते आणखी एका पाटीवर लावायला निमित्त मिळेल. सगळा मांडव खाली सतरंजीवर बसलाय आणि खुर्चीवर एकटे तुम्हीच आहात, तेव्हा कुणाला बोलतोय ते लोकांना बरोबर कळतंय. तुम्ही चोर नाही. चोर असता तर मी पोलिसांत गेलो असतो, कीर्तनाला कशाला आलो असतो? तुम्ही काटकसरी आहात. आणि काटकसर नेमकी कुठं करायची नाही, तेवढंच तुम्हाला आयुष्यात कळलं नाही!

पेटीवाले, थांबा जरा. सूर मागून. आधी सवाल.

मंडळी, ऐका. मान म्हणजे काय? हक्क, की काम? मानकरी कुणाला म्हणायचं — ज्याच्यामुळं देवाचं काम पुढं सरकतं त्याला, की ज्याच्यामुळं ते अडतं त्याला? हसताय? हसा. घरी जाऊन हसू येतंय का बघा!

याच्यावर एक आख्यान सांगतो. पोथीतलं नाही. मी पाठशाळेत शिकलेला माणूस नाही. बावीस वर्षं ट्रकच्या वायरी ओढल्या आणि मग टाळ हातात धरला. त्यामुळं आख्यानात आज राक्षस नाही, ऋषी नाही, शापही नाही. बॅटरी आहे! आणि हे या गावचं नाही हां. फार लांबच्या गावचं आहे. निवांत बसा.

तर त्या लांबच्या गावात कडजाई देवीचं ठाणं. बोला, कडजाईच्या नावानं — चांगभलं! दरवर्षी देवीच्या पादुका नऊ दिवस डोंगरातल्या वाड्यांना दर्शनाला जातात. रस्ता कसला? दगड आणि चिखल. म्हणून देवस्थाननं जीप घेतली. चारी चाकं ओढणारी, नवी कोरी. मागच्या हौद्यात पालखी, पालखीत पादुका. आणि देवी निघाली म्हटल्यावर थाट नको? दोन कर्णे आले, अँप्लिफायर आला, पुजाऱ्याला पंखा आला. आणि टपावर एक पाटी आली. लाल दिव्यांची, अक्षरं सरकणारी. वर बारीक अक्षरांत देवीचं नाव. खाली ठसठशीत — अध्यक्षांचं! रात्री लुकलुक, दिवसा लुकलुक. देवी आत अंधारात, अध्यक्ष टपावर उजेडात!

आता एवढं सगळं एका बॅटरीवर चालेल का? नाही. म्हणून दुसरी बॅटरी बसवायची ठरली. ड्रायव्हर होता कोंडिबा ढेबे, पन्नाशीचा, डोंगरातच वाढलेला. तो म्हणाला, "तालुक्याला हमीद मिस्त्रीला विचारू." गेले.

बायांनो, हे तुम्हीही ऐका, तुम्हाला लवकर कळेल. घरात दोन रांजण आहेत. एक पिण्याचा, एक धुण्याचा. मधे नळी, नळीला तोटी. नळाला पाणी आहे तोवर तोटी उघडी ठेवा, दोन्ही भरतील. नळ गेला की पहिलं काम काय? तोटी बंद! नाहीतर धुण्याच्या रांजणाबरोबर पिण्याचाही रिकामा, आणि रात्री लेकराला घोटभर पाणी नाही. गाडीत नळ म्हणजे इंजिन. पिण्याचा रांजण म्हणजे गाडी सुरू करणारी बॅटरी. धुण्याचा म्हणजे कर्णे, पंखा आणि अध्यक्ष. मधल्या तोटीला आमच्या धंद्यात म्हणतात आयसोलेटर. कळलं? मग पुढं चला.

हमीद म्हणाला, "साहेब, तीन तऱ्हा आहेत. एक एकदम भारी. ती तुम्हाला नको, देवीला काय हिमालयात न्यायची नाही. दुसरी मधली. तिला इंजिन बंद झालेलं आपोआप कळतं, ती आपली आपण तोडते, इंजिन लागलं की जोडते. तिसरी सगळ्यांत स्वस्त. नुसता खटका, हातानं फिरवायचा. तुम्हाला स्वस्तच पाहिजे ना? मग मधल्यातलं स्वस्त घ्या, मी शोधून देतो. वायर जाड घालू, बॅटरीजवळ फ्यूज घालू. वीस वर्षं बघायला नको."

अध्यक्षांनी खटका हातात घेतला. फिरवून बघितला. खट! पुन्हा फिरवला. खट!

"मिस्त्री, हे बी तेच काम करतं न्हवं?"

"करतं की. आठवण राहिली तर."

"आमच्याकडं माणसं काय कमी हायत व्हय? अख्खं गाव हाय. एक खटका फिरवायला यंत्र कशाला?"

हमीद म्हणाला, "साहेब, अख्खं गाव आहे म्हणूनच म्हणतोय!"

मंडळी, हा हमीद काय बोलला ते कळायला त्या गावाला चार दिवस लागले. आणि काहींना अजून कळलेलं नाही. ते खुर्चीवर आहेत.

खटका आला. बसला. मग बैठक! विषय — खटका कुणी फिरवायचा? कोंडिबा साधा माणूस, म्हणाला, "त्यात काय इचारायचं? गाडी मीच बंद करतो, खटका बी मीच उतरवीन."

मग दाजिबा शेलार उठले. शेलारांकडं देवीच्या नारळाचा मान, सात पिढ्यांचा. "देवीच्या गाडीतली कळ," म्हणाले, "ड्रायव्हरनं फिरवायची? मग आम्ही काय मागनं धूर खात चालायचं?"

लगेच रामजी उत्तेकर उठले. उत्तेकरांकडं छत्रीचा मान. "शेलारांनी फिरवायचा तर आम्ही का न्हाई?"

दाजिबा, तुम्ही का खाली बघताय? मी लांबच्या गावचे दाजिबा म्हणतोय! पाणी प्या.

दोन तास बैठक चालली आणि तोडगा निघाला. काय तोडगा, वा! न्यायाधीशानं बघून शिकावं! खटका लावायचा, म्हणजे तोटी उघडायचा, मान उत्तेकरांचा. उतरवायचा, म्हणजे तोटी बंद करायचा, मान शेलारांचा. एकानं दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. खटक्याला हळदकुंकू लागलं. वर पितळी घुंगरू बांधला. गाडी थांबली की हलगी वाजायची, शेलार फेटा बांधून यायचे, खट! टाळ्या! गाडी निघाली की हलगी, उत्तेकर फेटा बांधून यायचे, खट! टाळ्या! तीन दिवस असं चाललं. कोंडिबा स्टेअरिंगवर बसून बघायचा. त्याला कुणी फेटा बांधला नाही. गाडी तेवढी तो चालवत होता.

चौथ्या दिवशी खालच्या माचवाडीत घोळ झाला. उत्तेकरांना फेटा आधी बांधला, शेलारांना नंतर. संपलं! शेलार रुसले. एका ओट्यावर जाऊन बसले. "आम्ही वर येत न्हाई. मान गेला तिथं माणूस कशाला जाईल?" गाडी त्यांना तिथंच सोडून वरच्या माचवाडीला निघाली. चार किलोमीटर चढ. वर पठार, बारा घरं, फोनला रेंज नाही. अकराला पोचली. कोंडिबानं इंजिन बंद केलं. आणि खटका?

उतरवणारा खाली रुसलेला!

कोंडिबानं हात घातला. उत्तेकर ओरडले, "ए! हात लावू नगंस! मान शेलारांचा हाय!"

"मग तुमी उतरवा, रामजीतात्या."

"माझा मान लावायचा. उतरवायचा न्हाई. मी उतरवला तर उद्या शेलार लावंल!"

"मग इंजिन चालू ठिवतो."

अध्यक्ष म्हणाले, "डिझेल काय तुझा बा देतोय?"

"मग ती पाटी तरी बंद करतो."

"पाटी?" अध्यक्षांना धक्काच बसला. "अरं, दर्शनाला लोक येत्यात!"

लोक कुणाच्या दर्शनाला येत होते, ते तुम्हीच ठरवा. शेलारांना बोलवायला माणूस पाठवला. तो तासाभरानं परत आला. निरोप काय, "माफी मागा, मग येतो." अध्यक्ष म्हणाले, "आधी या, मग माफीचं बघू." पुन्हा माणूस गेला. दोन वाजले. अडीच वाजले. कर्णे वाजतायत, पंखा फिरतोय, पाटी लुकलुकतेय. आणि साठ-सत्तर माणसं त्या खटक्याकडं बघत उभी!

तिथं ओटी भरायला अंजना कोकरे आली होती. आठवा महिना. ओटी पसरलेली, आणि खाली बसली ती उठेना. साडी भिजली. रक्त. तिची सासू सगुणाबाई, साठीची बाई, पण आवाज असा की पठार हलावं. "कोंडिबा, गाडी काढ! दवाखाना!"

दवाखाना अठरा किलोमीटर. कोंडिबानं किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा टक्‌सुद्धा नाही! दोन्ही रांजण रिकामे. ढकला म्हणाल? ढकलली. वीस जणांनी ढकलली. पण ही नव्या बनावटीची गाडी, तिच्या मेंदूलाच वीज लागते. वीज नाही तर ती धूरही काढत नाही. आणि टपावर ती पाटी! मरता मरता फडफडत होती. देवीचं नाव केव्हाच विझलं होतं. अध्यक्षांच्या नावातली शेवटची दोन अक्षरं तेवढी जिवंत होती.

उत्तेकर काय म्हणाले असतील? "आता उतरवू का खटका?"

हसलात ना? त्या बाईचं रक्त जात होतं!

सगुणाबाई हौद्यात चढली. पालखीतल्या पादुका उचलल्या, कपाळाला लावल्या आणि म्हणाली, "आये, तू जरा चाल. हिला बसू दे." पादुका पदरात बांधल्या. पालखी खाली घेतली, अंजनाला आडवी घातली. आता खांदा कुणी द्यायचा? खांद्याचाही मान असतो, मंडळी! चार घरांचा. ती चार घरं एकमेकांकडं बघत राहिली. आणि पुढं कोण आलं? हलगीवाले! ज्यांनी पालखीपासून दहा हात लांब उभं राहून वाजवायचं, असं तुमच्या पणज्यांनी ठरवलं होतं ते. हलग्या गळ्यात अडकवल्या आणि दांड्याला खांदा दिला. मागं कोंडिबा. रामजी उत्तेकर दोन पावलं थांबले आणि मग छत्री उघडून धावले. उन्हात त्या पोरीच्या तोंडावर छत्री धरून चार किलोमीटर उतार धावले. मी रामजींना शिव्या घालणार होतो. या चार किलोमीटरसाठी निम्म्या माफ!

धावताना हलग्या मांडीवर आपटत होत्या, आपोआप वाजत होत्या. खालच्या माचवाडीत ओट्यावर दाजिबांनी तो आवाज ऐकला. उठले. फेटा नीट केला. मिशीवर हात फिरवला. त्यांना वाटलं, गाव मनवायला आलं! रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले.

सगुणाबाई ओरडली, "व्हा बाजूला! मराय लागलीय पोर!"

पालखी शेजारून निघून गेली. पालखीतून रक्त ठिबकत होतं. दाजिबांनी फेटा काढला तो तिथं.

खाली दुधाचा टेम्पो सापडला. कॅन उतरवले, अंजनाला चढवली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतका उशीर? वर गाडी नव्हती?"

सगुणाबाई म्हणाली, "व्हती. नवी व्हती. पर मानकरी रुसलं व्हतं."

अंजना तीन दिवस शुद्धीवर नव्हती. वाचली. मुलगी झाली, तीही वाचली. टाळ्या नका वाजवू! वाचली ती दूधवाल्यामुळं, हलगीवाल्यांमुळं, त्या सासूमुळं. तुमच्यामुळं नाही. ती वाचली म्हणून तुम्ही सुटलात, एवढंच.

पुढं? पुढं बैठक! पहिला ठराव — पालखी बाटली, शुद्ध करून घ्या. अहो, जिच्यात एक आई जगली ती पालखी बाटली? दुसरा ठराव — मानकरी गैरहजर असेल तर उपमानकरी नेमावा. आणि खटका? तोच! कोंडिबानं स्वतः हमीदकडून ती आपोआप तोडणारी वस्तू आणली. स्वतःच्या पगारातून. अध्यक्ष म्हणाले, "ही बसवली तर मानकऱ्यांना काम काय राहील?" आज अडीच महिने ती वस्तू गाडीच्या पुढच्या कप्प्यात खोक्यात पडून आहे.

आता सवालाचा जबाब. मान म्हणजे काम. काम सुटलं की मागं उरतो तो नुसता फेटा. पण हे फक्त खुर्चीला सांगत नाही मी! सतरंजीवरच्यांनो, तुम्ही साठ-सत्तर जण होतात ना तिथं? खटका हाताच्या अंतरावर होता. फिरवायला ताकद किती लागते? दोन बोटांची! साडेतीन तासांत एकाचंही बोट का उचललं नाही? अध्यक्षांनी खटका स्वस्तातला घेतला, खरं. पण तुमची भीती त्याहून स्वस्त निघाली. फुकटच मिळाली त्यांना!

म्हणालो होतो, गोष्ट लांबच्या गावची. खोटं बोललो. अंजना तिकडं खांबाला टेकून बसलीय, मांडीवर पोर आहे. आणि सकाळपासून गावात वीज नाही. तरी माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचतोय. कशावर? बाहेर चिंचेखाली ती जीप उभी आहे, तिच्यातून वायर आलीय या माईकला. दोन तास झाले. इंजिन बंद आहे. पाटी मात्र लुकलुकतेय, मला इथून दिसतेय.

अध्यक्षमहाराज, मघापासून हा आवाज खरखरतोय, ऐकताय ना? मी आता पुढं एक शब्द गाणार नाही. पेटी वाजणार नाही, काला फुटणार नाही. उभे राहा आणि या पोरीकडं बघून सांगा — खटका आत्ता उतरवलेला आहे, की लावलेला?