पोस्टमन आली

...आणि वर म्हणते, "मोठ्याने वाच!" अहो, पुस्तक माझं, डोळे माझे, मजा माझी... पण ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, आठ दिवस वाचायचं नाही, डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही, मग करतो काय? ताई म्हणजे माझी थोरली बहीण, रिटायर्ड हेडमास्तरीण. नोकरी संपली, छडी नाही! घरात आम्ही दोघंच. मी छपन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, लोकांच्या कवळ्या बनवतो.

पण पुस्तक, तुम्हाला सांगतो, काय पुस्तक होतं! एक न्हावी, एक पोस्टमन. दोघांचं एकमेकांवर प्रेम. हो हो, दोघंही पुरुष! आणि न्हाव्याने पोस्टमनच्या गालाला नुसता हात लावला, की दुकानातल्या खुर्च्या जमिनीपासून चार बोटं वर... गिऱ्हाइकांसकट! जन्मभर दुसऱ्यांचे दात चमकवले, स्वतःचे असे हसताना कधी दिसले नव्हते. पुस्तकच ना ते? नुसतं पुस्तक!

पण ताईसमोर हे वाचायचं? मी केली पोस्टमनची बाई. आता तुम्हीच सांगा, मराठीत नुसतं 'तो'चं 'ती' करून भागतं का? आला, गेला, लाजला, हसला... सगळी क्रियापदं पळत्या वाक्यात बदलायची! घाम फुटला मला. आणि तिसऱ्याच पानावर पाय घसरला... "पोस्टमन आली आणि दाढीला बसली."

लगेच ताईचा तो वर्गातला आवाज... "कोण बसली?"

"म्हणजे... हनुवटीवर एक केस होता तिच्या."

"एका केसाला एवढा साबण? वाच पुढे, गाढवा."

पाचव्या दिवशी घात झाला. पोस्टमनची बदली होते, न्हावी निरोप द्यायला बाहेर येतच नाही, आत तोंड लपवून बसतो, आणि खुर्च्या जागच्या हलत नाहीत... मी इतका रंगलो, तुम्हाला सांगतो, की दोन पानं सरळ 'तो थांबला', 'तो रडला' असंच वाचत गेलो! भानावर आलो तेव्हा पोस्टमनची बाई केव्हाच गायब!

ताई म्हणाली, "आता बरोबर वाचलंस."

"पुस्तकच ना ते, ताई..."

"तुझा तो चष्म्याच्या दुकानातला, दर रविवारी यायचा ना? त्याला मीच सांगितलं होतं, याचं लग्न ठरलंय, परत येऊ नकोस."

अहो, बावीस वर्षं! बावीस वर्षं मला वाटत होतं, कंटाळला असेल माझ्या बडबडीला. बडबड कमी केली हो मी! "का?" एवढंच विचारलं. तर म्हणते कशी, "लोक हसले असते. आणि मला सोडून गेला असतास. वाच पुढे, भेटतात का शेवटी?"

भेटतात! पोस्टमन परत येतो आणि अख्खी गल्ली चार बोटं वर जाते. पण मी काय वाचलं? जे पुस्तकात नव्हतंच ते, संथ लयीत, एकही शब्द न अडखळता... पोस्टमन परत येतो, दुकानाला कुलूप, न्हावी वाट बघून बघून खंगून मेलेला, आणि शेजारीण म्हणते, "त्याला कुणीतरी सांगितलं, तुमचं लग्न झालं." पट्टीखालून धार लागली ताईच्या. मी बघत बसलो. पुसलं नाही. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? पुस्तकच ना ते? नुसतं पुस्तक!

"असं कोण वागतं रे माणसांशी?" ताई हुंदके देत म्हणाली.

मी "मान वर कर" म्हटलं, ड्रॉप घातले, आणि खरा शेवट बाथरूममध्ये बसून एकट्याने वाचला.

डॉक्टर तिच्यावरच चिडले. पुढच्या महिन्यात दुसरा डोळा आहे म्हणे. मी लायब्ररीतून पुस्तक आणून ठेवलंय. चांगलं जाड.