दाराबाहेर बसायला कोण जाणार?

सरकारी दवाखान्यात औषधांच्या रांगेत माझ्या मागे एक वेल्डर आणि त्याच्या शेजारची मावशी उभी होती. मावशीनं नुकताच फोन ठेवला होता.

"शिंपीणबाईंचा मुलगा दार लावून बसलाय. जगायचंच नाही म्हणतोय. आई दाराशी आहे, पण ती रडतेच आहे."

"डॉक्टरांकडे न्यायचं ना त्याला!"

"इथली तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय आणि खासगी डॉक्टर त्यांना परवडत नाही. तोवर आपणच आळीपाळीनं बसायचं, तुझ्या वेळी बसलो तसं."

"तेव्हा तू बाहेर बसून लसूण सोलत होतीस."

"आणि तू आतून चकार शब्द काढत नव्हतास."

"तू उठून गेली नाहीस, म्हणून तर दार उघडलं मी."

"मग आज तू जा. तुझं ऐकेल तो."

"मी काय सांगणार, मावशी? माझ्याच गोळ्या अजून चालू आहेत."

"तेच सांग की."

"...बरं. तू रांगेत थांब, माझ्या गोळ्या घेऊन ये. मी निघालो."

"अरे, पण त्यानं शिव्या घातल्या तर?"

"घालू दे. आतून आवाज येतोय तोवर मला घोर नाही."