एकशे ऐंशी दिवसांची पिशवी

जबाब
दि. २१ मे २०२४, वेळ सकाळी ११.२०

नाव : भानुमती हेमचंद्र पाटोदेकर, वय ६३ वर्षे, व्यवसाय : सेवानिवृत्त लिपिक, राहणार : अंगण सोसायटी, सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझा मुलगा हिमांशू याच्यासह गेली अकरा वर्षे राहते. मी एकतीस वर्षे सरकारी कचेरीत काम केले असून जबाब कसा लिहितात हे मला ठाऊक आहे. त्यामुळे मी सांगेन ते सांगेन तसेच लिहावे, अशी विनंती मी लिहून घेणारे पोलीस हवालदार साहेबराव यांना सुरुवातीलाच केली आहे. ती त्यांनी मान्य केली.

रोपवाटिकेचे मालक सर्जेराव गवांदे यांनी दि. १९ मे रोजी दिलेला तक्रार अर्ज मला वाचून दाखवण्यात आला. आमच्या सोसायटीच्या मोकळ्या जागेतील झाडे मी आणि माळी कारभारी यांनी उपटून नासधूस केली, तसेच आधी मेलेली झाडेही कारभारी यांच्या चुकीच्या लागवडीमुळे मेली, असे त्यात म्हटले आहे. या अर्जाच्या जोरावर सोसायटीचे सचिव देवेश यांनी कालपासून कारभारींचे काम बंद केले आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत, असे ते म्हणतात. मी हा जबाब मुख्यतः त्यासाठी देत आहे. माझे नाव अर्जात राहू द्यावे. कारभारींचे काढावे. का, ते पुढे सांगते.

आमची मोकळी जागा अंदाजे दीड एकर असून तिच्या कडेने नाला जातो. सन २०२२ मध्ये आम्ही तिथे झाडे लावली तेव्हा ती काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आली होती. पिशव्या फाडून झाडे लावली, फोटो काढले, चहा घेतला आणि सगळे घरी गेले. पिशव्या तिथेच राहिल्या. त्या वाऱ्याने नाल्यात गेल्या आणि पहिल्याच मोठ्या पावसात पुलाखालचा पाइप तुंबून पाणी नाल्याकाठच्या सत्यभामाबाईंच्या गोठ्यात शिरले. पुढे त्यांच्या गायीने चारा सोडला. डॉक्टरांनी तिचे पोट फाडून जे बाहेर काढले ते मी उभी राहून पाहिले आहे. गाय वाचली नाही. त्या वेळी मी सभेत सांगितले की यापुढे या जागेत काळी पिशवी येणार नाही, आणि येईल तर माझ्या अंगावरून येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कामाला कोणी आले नाही, तो भाग वेगळा.

जून २०२३ मध्ये मी सर्जेराव यांच्या रोपवाटिकेत गेले. त्यांनी मला खाकी रंगाच्या पिशवीतील रोपे दाखवली. पिशवीवर हिरवे पान छापलेले होते आणि खाली मराठीत लिहिले होते की ही पिशवी वनस्पतीपासून बनवलेली असून जमिनीत १८० दिवसांत विरघळते, रोप पिशवीसह लावावे. मी खात्री करून घेतली नाही, कागद मागितला नाही. नोकरीत असताना शिक्क्याशिवाय कागद पुढे सरकू न देणारी मी, इथे छापलेल्या पानावर भाळले. सर्जेराव मला म्हणाले, "मॅडम, मक्याचं पीठ हाय हे. गाईनं खाल्लं तरी पचंल." गायीचे नाव त्यांनी काढले म्हणून मी लगेच हो म्हटले. लावल्यापासून एक वर्षात जे झाड मरेल ते आपण बदलून देऊ, असेही त्यांनी लिहून दिले. तो कागद मी आज सोबत आणला आहे.

दि. ९ जुलै २०२३ रोजी रविवारी सकाळी आम्ही २४० रोपे लावली. त्यात कडुनिंब, करंज आणि बहावा होता. कारभारी हे आमच्याकडे सहा वर्षांपासून माळी आहेत. त्यांचे गाव गंगापूर तालुक्यात असून घरची शेती भावाकडे आहे. पहिले रोप हातात घेताच त्यांनी नेहमीच्या सवयीने पिशवीला नख लावले. मी त्यांना थांबवले. ते म्हणाले, "बाई, पिशवी फाडूनच लावावं लागतंय. नायतर मूळ कोंडतं." त्यावर मी जे बोलले ते हवालदारांनी वगळू नये. मी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "कारभारी, काय लिहिलंय ते वाचता येत नाही का तुम्हाला?" कारभारींना वाचता येत नाही, हे मला माहीत होते. दोघे-तिघे हसले. कारभारींनी नख काढून घेतले आणि ते पिशव्यांसह रोपे खड्ड्यांत ठेवत गेले. चुकीची लागवड म्हणतात ती ही. ती माझी आहे.

त्यानंतर पाऊस गेला. ऑगस्ट कोरडा गेला, परतीचाही नीट आला नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे टँकर चौथ्या दिवशी येऊ लागला आणि मार्चपासून सहाव्या. अशा स्थितीत आम्ही झाडे जगवली. तांदूळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी, कूलरचे उरलेले पाणी, जे असेल ते घराघरांतून एक बादली असे मी दारोदार फिरून गोळा केले. काहींनी दार उघडून तोंडावर लावले, तेही सहन केले. कारभारींच्या पत्नी साळूबाई डोक्यावर हंडा घेऊन त्या उन्हात ओळीने पाणी घालत. यासाठी त्यांना कोणीही काही देत नव्हते. एवढे करूनही झाडे मरत गेली. पाणी घातलेल्या खड्ड्यात माती ओली आणि रोप वाळलेले, असे दिसे. मला वाटले बादलीतल्या साबणामुळे असेल, म्हणून मी साबणाचे पाणी बंद केले. मेच्या मध्यावर मोजले तेव्हा १४६ झाडे गेली होती.

मी सर्जेराव यांना चार वेळा फोन केला. पहिल्यांदा ते म्हणाले, दुष्काळ आहे. दुसऱ्यांदा म्हणाले, पाणी खारे असेल. तिसऱ्यांदा म्हणाले, तुमचा माळी अडाणी आहे. चौथ्यांदा त्यांनी फोन उचलला नाही.

दि. १७ मे रोजी वाऱ्याने एक करंज आडवा झाला. कारभारींनी तो दोन बोटांनी उचलला आणि तो पिशवीसह अलगद वर आला, फडताळातून बरणी काढावी तसा. पिशवी जशीच्या तशी होती. वरचा खाकी रंग जागोजाग गेलेला होता आणि खालून काळे प्लास्टिक दिसत होते. मुळे बाहेर जायला वाट नसल्याने आतल्या आत गोल फिरून एकमेकांना आवळून बसली होती. आत माती कोरडी ठणठणीत, बाहेर ओल. म्हणजे दहा महिने आम्ही पिशवीच्या बाहेर पाणी घालत होतो. त्या वेळी पिशवी जमिनीत जाऊन ३१३ दिवस झाले होते आणि "१८० दिवसांत विरघळते" ही ओळ मला चष्म्याशिवाय वाचता आली.

मी तिथे खाली बसले. साळूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा हंडा उतरवून ठेवला आणि म्हणाल्या, "म्हंजी माझं समदं पाणी वाया गेलं का, बाई?" हा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहावा, असे मी हवालदारांना सांगितले.

घरी आल्यावर मी पिशवीचा तुकडा चिमट्यात धरून गॅसवर धरला. तो आक्रसला, वितळून थेंब पडले आणि घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मक्याचे पीठ असे जळत नाही. मी चाळीस वर्षे स्वयंपाक केला आहे. हिमांशू मला म्हणाला, आई, जाऊ दे, झाडंच आहेत. मी त्याला सांगितले की विष विष म्हणून विकणारा परवडला, कारण विकत घेणारे ते हाताळून हात तरी धुतात. औषध म्हणून विकणाऱ्याचे काय करायचे? चांगल्या पिशव्या खरोखर बनतात, बनवणारे प्रामाणिक लोकही आहेत. हा माणूस त्यांच्याही पोटावर पाय देतो. आता आमच्या सोसायटीत कोणी नवी चांगली वस्तू घेऊन आले, तर पहिली मीच त्याला हाकलून देईन.

त्याच दिवशी कारभारींनी मला नळाजवळची पाच झाडे दाखवली. ती माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. मला वाटत होते नळ गळतो म्हणून ती वाढली. कारभारी म्हणाले की लागवडीच्या दिवशी आम्ही चहाला गेलो तेव्हा त्यांनी ही पाच झाडे पिशव्या फाडून लावली होती आणि पिशव्या घडी करून आपल्या खोलीत ठेवल्या होत्या. दहा महिने ते काही बोलले नाहीत. का, असे मी विचारले. ते म्हणाले, "तुमी रागावल्या असत्या." या पाचही पिशव्या त्यांनी आज जमा केल्या आहेत.

त्या पाच वगळता ८९ झाडे पिशवीत जिवंत होती. पावसाची वाट पाहावी का, असे मी कारभारींना विचारले. पाऊस येईपर्यंत यांतली निम्मी राहणार नाहीत, असे त्यांचे मत पडले. या वेळी मी त्यांचे ऐकले. दि. १९ मे रोजी सकाळी ६ वाजता मी, कारभारी आणि साळूबाई अशा तिघांनी सुरुवात केली. झाड मातीसह काढायचे, पिशवी कापायची, गोल फिरलेली मुळे हाताने सैल करायची, मातीचा गोळा तागाच्या ओल्या बारदानात गुंडाळायचा आणि झाड त्याच खड्ड्यात परत बसवायचे. बारदान किराणा दुकानातून मागून आणले होते. ते जमिनीत कुजते, त्यावर काही छापलेले नसते. पावणेनऊपर्यंत ३७ झाडे झाली. यातील दोन आज मान टाकून आहेत, बाकीची उभी आहेत. अर्जात "उपटली" म्हटले आहे ती ही ३७ झाडे.

पावणेनऊ वाजता सर्जेराव गाडीतून उतरले आणि मोबाईलवर चित्रण करू लागले. त्यांना कोणी कळवले ते मला माहीत नाही. ते कारभारींना म्हणाले, "कोणाच्या परवानगीनं उपटतो रे?" कारभारी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत. मी मध्ये उभी राहिले आणि माझ्या हातातली पिशवी त्यांच्यापुढे धरून म्हणाले की ही गायीला पचते ना, मग तुम्ही एक घास खाऊन दाखवा. हे वाक्य लिहू की नको, असे हवालदारांनी विचारले. लिहावे. सर्जेराव यांनी घास खाल्ला नाही. झाडाला हात लावल्याने बदलून देण्याची अट रद्द झाली असे सांगून ते निघून गेले आणि इथे येऊन त्यांनी अर्ज दिला.

३७ पिशव्या मी पोत्यात भरून जमा करत आहे. पाणी नसल्याने त्या धुतलेल्या नाहीत. उरलेली ५२ झाडे अजून पिशवीत आहेत. ती मी उद्या सकाळपासून काढणार आहे. त्यासाठी वेगळा अर्ज आला तर त्याचा जबाबही मी देईन. तो थोडा लांब होईल.

जबाब इथे संपत होता. परंतु पुढील मजकूर लिहिणे आवश्यक आहे. मी सर्जेराव यांचे नाव सांगितले तेव्हापासून हवालदार साहेबराव मधूनमधून खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी त्यांनी सांगितले की गेल्या १५ ऑगस्टला सर्जेराव यांनी ठाण्याला चार कडुनिंब भेट दिले असून ते साहेबराव यांनी स्वतः लावले आहेत. ते रोज ड्यूटी संपताना त्यांना आपल्या बाटलीतले पाणी घालतात. दोन वाळले. त्यांनी पेन ठेवले आणि आम्ही बाहेर गेलो. कारभारी बाकावर बसून होते. साहेबराव त्यांना म्हणाले, "मामा, एक बघा बरं जरा."

कारभारींनी कडुनिंबाच्या बुंध्याजवळची माती हाताने उकरली. चार बोटांवर पिशवीची कड लागली. त्यांनी तिला नख लावले आणि तिथेच थांबून माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "फाडू का, बाई?"

मी म्हणाले, "मला विचारू नका. तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी ती फाडली. साहेबराव पाणी आणायला आत गेले.

वरील जबाब मला व कारभारी यांना शेजारी उभे करून मोठ्याने वाचून दाखवला. लागवडीच्या दिवशीचे माझे वाक्य आले तेव्हा कारभारी म्हणाले की एवढे नसते लिहिले तरी चालले असते. ते मी खोडू दिलेले नाही. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरा आहे.

(सही) भानुमती हेमचंद्र पाटोदेकर
समक्ष : पो. हवालदार साहेबराव