सड्यावरचा तांबडा दिवा

ऐका. ते लाकूड जरा आत सरकवा, आणि मध्ये बोलू नका. मीही आज दमलोय, एकदाच सांगेन.

आपला दत्ताराम पाष्टे, वायरमन. दिवसभर खांबावर चढून लोकांकडे उजेड करायचा आणि अवसेच्या रात्री कॅमेरा घेऊन सड्यावर, वाडीवरच्या उघड्या कातळमाळावर, काळोख शोधायला जायचा. काय म्हणायचं याला? मृगाच्या बाणाखाली म्हणे तांबूस ढग आहे. आपल्या डोळ्यांना नुसता पुसट ठिपका. पण कॅमेरा चार-चार मिनिटं उघडा ठेवायचा, असे पन्नास फोटो एकावर एक रचायचे, की तो ढग फुलतो.

फाल्गुनातली अवस. अवकाळी वाऱ्यानं खांब पडलेले, दोन दिवस याची पाठ टेकली नव्हती. संध्याकाळी लाइन चालू केली. झोपायचं ना माणसानं? पण मृग मावळतीला लागलेला, आजची रात्र चुकली की वर्ष गेलं. निघाला. काळोखाला सरावलेले डोळे दिपू नयेत म्हणून बॅटरीला तांबडा कागद लावला, आणि तिथेच चुकला. सड्यावर तांबडा दिवा न्यायचा नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. वाट चुकवणारा चकवाही तसाच दिवा घेऊन फिरतो; त्याला वाटतं, आपल्यातलाच कोणी आला.

दहाला कॅमेरा लागला. हा कातळावर उभा. लांब चिरेखाणीकडे तसाच तांबडा दिवा दिसला. यानं बॅटरी विझवली. तोही विझला. यानं लावली. तोही लागला.

सामान उचलायचं त्राण नव्हतं. राहू दे, म्हणाला, सकाळी नेऊ. चालला घराकडे. चालला, चालला, आणि समोर काय? स्वतःचाच कॅमेरा. वळला. पुन्हा चालला. पुन्हा कॅमेरा. पायांचे दगड झालेले. तिसऱ्यांदा आला तर कॅमेरा आभाळाकडे नव्हता हो, याच्याकडे वळलेला. त्याच्यामागून बायकोचा आवाज आला, "अहो, किती दमलात. बसा की. चारच मिनिटं. हलू नका."

बायको माहेरी, लांज्याला. ठाऊक होतं त्याला. तरी बसावंसं वाटलं. खरं सांगतो, भुतापेक्षा ते बसावंसं वाटणं वाईट.

गुडघे वाकले, तेवढ्यात सवयीनं वर पाहिलं. मृग दहाला होता तिथेच. आपण दोन तास चालतोय आणि तारे बोटभरही सरकले नाहीत? म्हणजे आभाळच खोटं! यानं डोळे गच्च मिटले. मग कानावर आली तारांची गुणगुण. सड्यावरून जाणारी मोठी लाइन. फोटोत आडवी येते म्हणून हा जिला शिव्या घालायचा, तीच. वायरमनचा कान तो. डोळे न उघडता त्या आवाजाखालून चालत राहिला, ठेचकाळत, गुडघे फोडून घेत, थेट वाडीत. पहाटे माझं दार ठोठावलं, मीच उघडलं.

उजाडल्यावर आम्ही चौघं वर गेलो. कॅमेरा लावला होता तिथे नाहीच, लांब चिरेखाणीच्या काठावर उभा, खाली तीस हात पाणी. शेवटचा फोटो पाहिला. दत्ताराम काठावर बसलेला, पाय खाणीत सोडून, डोळे मिटून. चार मिनिटांचा फोटो, माणूस जरा हलला तरी पुसट येतो. हा मिशीच्या केसापर्यंत स्पष्ट.

"मी बसलोच नाही," दत्ताराम म्हणाला. अजून तेच म्हणतो.

तेव्हा रात्री त्या वाटेनं कुणी जाऊ नका. गेलातच, तर कितीही दमलात तरी टेकू नका. चला, उठा आता. मलाही जरा हात द्या.