आक्काच्या गळ्यातल्या घंटेबाबत

मी, वय २४ वर्षे, धंदा घोडे सांभाळणे, शिक्षण सातवी पास, राहणार मामांच्या तबेल्यावरची खोली, आज दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी ठाण्यात स्वतः येऊन लिहून देतो की, माझे मामा, वय ६२ वर्षे, आज पहाटेपासून डोंगरातल्या जंगलात सापडत नाहीत. माझे अक्षर वाचता येण्यासारखे असल्यामुळे हवालदारसाहेबांनी मलाच लिहायला सांगितले आहे.

मी मामांकडे नऊ वर्षांचा असल्यापासून राहतो. पाहुण्यांना घोड्यावरून जंगलात नेणे, तंबू ठोकणे, स्वयंपाक करणे व परत आणणे हे आमचे काम आहे. या वेळी पाहुणे दोनच होते. निवृत्त नर्सबाई व त्यांचे यजमान. यजमान मोठ्या आजारातून नुकतेच उठले आहेत. घोडे चार. त्यांतली म्हातारी घोडी सर्वांत पुढे चालते. तिला मामा आक्का म्हणतात.

आमची पद्धत अशी आहे. संध्याकाळी खोगीर उतरवून खरारा करायचा, तोबऱ्यातले चणे संपले की चारही घोड्यांच्या पुढच्या पायांत पायबंद घालून त्यांना चरायला सोडायचे. पायबंदामुळे त्यांना छोटी पावले टाकता येतात, पळता येत नाही. घंटा फक्त आक्काच्या गळ्यात असते. बाकीचे तिघे तिला सोडून जात नाहीत. सकाळी घंटेच्या आवाजावर जायचे आणि चौघांना घेऊन यायचे. मामांना कोणी विचारले की घोडे हरवत नाहीत का, तर ते म्हणतात, "आक्का कुठे आहे तेवढं सांगा, बाकीची मंडळी तिचा पदर धरूनच असतात."

काल सायंकाळी ६ वाजता मामा ओढ्यावर भांडी घासत असताना नर्सबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाळा, ती घंटा जरा बंद होईल का? यांना परवापासून डोळ्याला डोळा नाही." मी म्हणालो, मामांना विचारतो. परंतु विचारले नाही. मामा नाही म्हणाले असते, आणि यजमानांचा चेहरा मला बघवत नव्हता. रात्री मामा झोपल्यावर मी माझा डावा लोकरीचा मोजा घंटेत कोंबला. मामा उठायच्या आत जाऊन काढीन, असे ठरवले होते.

आज पहाटे ५ वाजता मी उठलो. दाट धुके होते. दहा हातांपलीकडचे दिसत नव्हते. घोडे जवळपास नव्हते. मी शोधून परत आलो तेव्हा ५ वाजून ४० मिनिटे झाली होती व मामा तंबूबाहेर कानामागे हात धरून उभे होते. ते बराच वेळ तसेच उभे होते. मग म्हणाले, "आज आक्का काही बोलत नाही. रुसली वाटतं तुझ्यावर." मी लगाम खांद्यावर टाकले. ते म्हणाले, "पायबंदाची गाठ तूच मारलीस ना? अक्षर मोत्यासारखं काढतोस, गाठ मात्र देवावर सोडतोस. तू खाली ओढ्याला बघ. मी वरच्या खडकावर जाऊन कानोसा घेतो."

मोज्याचे त्याच वेळी सांगायला हवे होते. मी तोंड उघडले आणि "पाणी घेऊन जा" एवढेच म्हणालो. त्यांनी पाणी नेले नाही.

७ वाजून २५ मिनिटांनी चारही घोडे ओढ्याच्या खालच्या वळणावर मिळाले. पायबंद शाबूत होते. गाठी सुटलेल्या नव्हत्या. मी मोजा काढला आणि घंटा हातात धरून सव्वानऊपर्यंत वाजवली. मामा आले नाहीत. धुके विरल्यावर खडकावर गेलो. तिथे मामांची टोपी होती, घडी करून दगडाखाली ठेवलेली. कानोसा घेताना ते टोपी काढतात. बारा वाजेपर्यंत हाका मारल्या. नंतर नर्सबाईंनी मला पाठवले. त्या यजमानांसह व तीन घोड्यांसह तंबूजवळ थांबल्या आहेत व धूर दिसावा म्हणून ओला पाला जाळत आहेत. निघताना म्हणाल्या, "घंटा मी बंद करायला लावली, असं लिही. मुद्दाम लिही." म्हणून लिहिले. परंतु मोजा मी घातला.

मघाशी तोंडी सांगताना मी मोज्याचे सांगितले नव्हते. त्यामुळे शोधाला जाणाऱ्या लोकांना तंबूच्या व ओढ्याच्या आसपास बघायला सांगितले गेले. आता लिहिताना हवालदारसाहेब म्हणाले, "अरे, मोजा कशाला घालतोस जबाबात? माणूस हरवलाय, मोजा नाही." त्यावर मी सांगितले ते असे. घंटा ऐकू येत नाही म्हणजे घोडी लांब गेली, असेच मामा धरतात. आवाज मिळेपर्यंत ते पुढे जात राहतात. घोड्यांशिवाय ते कधी परत फिरलेले नाहीत. म्हणून ते जवळपास नसून खडकामागची खिंड ओलांडून पलीकडच्या उतरावर गेले असणार. त्यांचा डावा गुडघा दुखतो. कृपया तिकडे आधी बघावे.

हवालदारसाहेबांनी ते ऐकून लगेच बाहेर जाऊन लोकांना थांबवले आहे.

आणखी एक. लोकांजवळ शिट्ट्या आहेत. मामांना शिट्टीचा बारीक आवाज ऐकू येत नाही, आणि माणसांच्या हाका ऐकल्या तर इतर पाहुणे असतील, तिथे घोडी थांबायची नाही, असे समजून ते वाट बदलतील. घंटा त्यांना एका डोंगरावरून दुसऱ्यावर ऐकू येते; सकाळी मी ती खाली ओढ्यात वाजवली, तिथून खिंडीपलीकडे आवाज जात नाही. आक्का ठाण्याच्या दारात बांधलेली आहे. ती मान हलवत असल्याने कामात व्यत्यय येतो म्हणून तिची घंटा काढून टेबलावर ठेवली आहे. ती मला परत मिळावी व मला आक्कासह लोकांबरोबर जाऊ द्यावे, ही विनंती.

वरील मजकूर हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला, मी उभा राहून ऐकला. मी लिहिला तसाच आहे, खरा आहे, त्यातले काही गाळायचे नाही.

सही.

४ वाजून ५ मिनिटांनी घंटा परत मिळाली. वाजवून खात्री केली. त्याबद्दल ही वेगळी सही.