मासे नसलेली टाकी

आमच्या सापगावच्या घरी मी समुद्रातले मासे पाळायला खाऱ्या पाण्याची काचेची टाकी केली होती, त्याचं तुम्हाला कधी सांगितलंच नाही. नुकताच नोकरीला लागलो होतो. पाण्यात मीठ विरघळवलं, दगड रचले. कल्याणचा दुकानदार म्हणाला होता, "पाण्यात चांगले जंतू वाढायला महिना लागतो. त्याआधी मासे टाकलेत तर मरतील." म्हणून मी रोज संध्याकाळी पाणी तपासायचो आणि रिकाम्या टाकीसमोर गप्प बसून राहायचो.

एका रविवारी बाबा नदीवरून आले. लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात दुधाची किटली. सरळ टाकीपाशी गेले आणि किटली कलती करायला लागले. आत दोन इवलेसे मासे होते.

मी ओरडलो, "बाबा, थांबा! खारं पाणी हाय, नदीचे मासे मरतील!"

बाबांनी किटली छातीशी धरली. हळूच म्हणाले, "तुझे मासे मेले म्हणून तू रोज असा बसतो ना रे?"

"मेले नाय बाबा. अजून आणलेच नाय."

बाबांनी किटली खाली ठेवली.

"मंग आधी सांगाचं ना! आठ दिस झाले, माझ्या घशाखाली घास उतरत नाय."