पोट्टी घान्याले गेली

...आता मले सांगा, घाना देश आन् तेलाचा घाणा, यात माही काय चूक? आपल्या इकडं 'ण' म्हनते कोन! पानी ते पानीच, लोनी ते लोनीच, मंग घाणा घानाच होईन ना! पोट्टीले नोकरी लागली म्हनून सीताबर्डीवरून संत्राबर्फी आनली, गल्लीत वाटली, अन् सांगतलं, "गुंजन घान्याले चालली!" तं शेजारच्या रुख्मिनीबाई काय म्हनते? "अगाई! काहून जी भाऊ, पोट्टीले इतकं शिकवलं, आन् घान्यावर लावली? जवसाचा हाय का करडीचा?" बर्फी पूर्ण खाऊन घेतली बरं का, मंग विचारलं!

अवो बाई, देश हाय तो! आफ्रिकेत, पश्चिमेकडं! तिथं नवीन विमान कंपनी निंगाली, आमची गुंजन तिथं इंजिनियर. इंजिन, चाकं, पंख सारं तपासते, मंग कागदावर सही करते. तिच्या सहीशिवाय विमान हालत नाही म्हटलं!

तुमाले सांगतो, देश समजला तं लोक कंपनीवर घसरले. माहा साळा धम्मानंद, उमरेडचा. येऊन बसला दिवानावर, पाय वर घेऊन. "भाटवे, विमानं किती हायेत कंपनीकडं?" म्या म्हटलं, एक. "एक!" असा हासला, असा हासला, का चहा नाकात गेला. "अवो, आमच्या उमरेडात एकेका मानसाच्या तीन-तीन ट्रॅव्हल्स हायेत! एका विमानाची कुठं कंपनी असते? ते बिघडलं का कंपनीले सुट्टी! वापस बोलवा पोट्टीले!"

बिघडन कसं बे? तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात पाने फिरवले म्या! सुरुवात एकापासूनच होते का दोनापासून? आन् तिच्या सहीशिवाय विमान हालत नाही, हालत नाही, हालत नाही!

मंग गुंजनचा फोन आला. "बाबा, पह्यलं उड्डान झालं! अक्रा ते कुमासी! अकरा पॅसेंजर!" झालं... धम्मानंदले कोनी सांगतलं देव जाने, हजर! "अकरा? तितके तं उमरेडच्या एका काळीपिवळीत बसते!" बसते ना बाबा, डिक्कीतबी बसते! पन काळीपिवळी उडते का?

सहा महिन्यानं दुसरं विमान आलं. मंग तिसरं. मंग लागोसले जायले लागले, म्हंजे थेट दुसऱ्या देशात! दोन वर्षांत पाच! मी दर विमानाले गल्लीत बर्फी वाटली, मुद्दाम, सगळ्यायच्या नाकावर टिच्चून. रुख्मिनीबाई आता सोताहून विचारते, "भाऊ, सहावं कधी जी?" धम्मानंदचं मात्र तेच तुनतुनं: "पोट्टी तिकडंच राहीन, पाहा! बोलवा वापस!" काहून बोलवू? तुह्या बोलन्यावरून? पाच विमानं उभे हायेत तिच्या सहीसाठी!

तं मांगच्या रविवारी हा बसून होता दिवानावर, अन् गुंजनचा फोन. म्या मुद्दाम स्पीकर चालू केला, आयकू दे म्हटलं. "बाबा, पाचही विमानायचं सारं काम माह्या हाताखाली देऊन राहिले, मोठी साहेब करून. पन अजून पाच वर्षं राहावं लागन. तुमी म्हनसान तं सोडतो, येतो वापस. येऊ का बाबा?"

गुंजनची आई कनकेच्या हातानं दारात उभी. साळा गालातल्या गालात हासून राहिला, "बोला भाटवे, आता बोला!"

मी बोललो ना! छाती फुगवून! "खबरदार वापस आली तं! तिथं सही कोन करन, तुहा मामा?"

धम्मानंदनं पह्यल्यांदा दिवानावरून पाय खाली घेतले. गुंजनची आई डोळे पुसत आत गेली. जिंकलो मी! सगळ्यायले जिंकलो!

कोनाले सांगू नका... दोन वर्षं झाले, पोट्टीले फोनवरच पाहून राहिलो, लय आठवन येते हो. तोंडात "ये बेटा"च आलं होतं. पन साळा समोर बसून होता ना!